‘रिन्या’ म्हणजे नक्की काय: तोंडाचं भांडण की हातांचं?

विम्याच्या कागदांत एक पान असं असतं, जे विमा घेताना कुणी वाचत नाही आणि अपघात झाल्यावर सगळं घर वाचतं. कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत, त्या यादीचं पान. मी स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतराची कामं करते. मागे मेक्सिकोतल्या एका अपघात विम्याचं असंच पान माझ्यापुढे आलं. पॅराशूटच्या उड्या, मोटारींच्या शर्यती, दारू पिऊन गाडी चालवणं, अशी नेहमीची मंडळी त्यात हजर होती. मध्येच एक ओळ होती : विमाधारकानंच कुरापत काढली असेल अशा ‘रिन्या’मध्ये झालेल्या इजेचे पैसे मिळणार नाहीत.

रिन्या. स्पॅनिशमध्ये ‘न’च्या डोक्यावर नागमोडी रेघ काढून जे अक्षर लिहितात, तो आपला ञ. च-छ-ज-झ च्या शेपटाला शाळेत पाठ केला आणि पुढे जन्मात लागला नाही, तोच तो. माझ्या कोशात रिन्यापुढे पहिला इंग्रजी शब्द होता ‘क्वॉरल’. मी तो ठेवून दिला आणि पुढे गेले. दोन ओळी गेल्यावर जीव राहिना म्हणून परत आले.

कारण क्वॉरल हे तोंडाचं असतं. आता समजा, पुएब्ला शहरात एक माणूस गाडी लावायच्या जागेवरून दुसऱ्याला म्हणाला, “डोळे फुटले का तुझे?” त्याबरोबर दुसऱ्यानं खाली उतरून त्याच्या तोंडावर ठोसा मारला आणि ह्याचा जबडा मोडला. ह्यानं हात उचललेला नाही, फक्त तोंड चालवलं. इंग्रजी कागदावर ‘क्वॉरल’ असेल तर कंपनी म्हणणार, भांडण तूच उकरून काढलंस, पैसे विसर. तिथेच ‘फाईट’ असेल तर कंपनीला आधी दाखवावं लागेल की मारामारी झाली आणि ती ह्यानं पेटवली. एकतर्फी ठोशाला मारामारी म्हणायचं की नाही, इथूनच वाद सुरू होईल. जबडा तोच, ठोसा तोच, पैसे मात्र माझ्या एका शब्दावर.

म्हणून हा लेख. शब्द एकच घेतला आहे, पण तो सोडवायला बसलं की निम्मं दंडविधान आणि थोडी चित्रकला वाटेत लागते.

आधी कोश काय म्हणतो ते पाहू. स्पॅनिशचा सगळ्यात मानाचा कोश माद्रिदच्या रॉयल अकादमीचा. ही संस्था १७१३ साली स्थापन झाली. ‘रिन्या’ हे ज्या क्रियापदावरून आलं, त्या ‘रेन्यिर’चा एक अर्थ तिथे असा आहे की कृतीनं किंवा शब्दानं भांडणं. ‘किंवा’ महत्त्वाचं. म्हणजे स्पॅनिश माणूस रिन्या म्हणतो तेव्हा तोंड चाललं की हात चालले, हे त्यानं अजून सांगितलेलंच नसतं. पुढच्या वाक्यात कळतं, किंवा कळतही नाही.

मराठी माणसाला यात काही खटकणार नाही, कारण आपलं ‘भांडण’ही असंच सैल आहे. नळावर भांडण होतं तेव्हा शिव्या असतात आणि हंडा डोक्यात घातला तरी बातमीत ‘पाण्यावरून भांडण’च येतं. “किरकोळ भांडणातून खून” हा मथळा आपण चहाच्या घोटाबरोबर वाचतो आणि भांडण किरकोळ असताना खून कसा, असं कुणी विचारत नाही. भांडण ही आपल्याकडे एक मोठी पिशवी आहे. नेमकं सांगायचं झालं की आपण पिशवीतून दुसरे शब्द काढतो : कुरबुर, बाचाबाची, खडाजंगी, धक्काबुक्की, हाणामारी, राडा. त्यातला ‘हमरीतुमरी’ मला फार आवडतो, कारण तो बरोबर उंबरठ्यावर उभा आहे. अजून तोंडच चाललं आहे, पण बाह्या वर सरकल्या आहेत. तो उंबरठा ओलांडला की आपण ‘प्रकरण हातघाईवर आलं’ म्हणतो. स्पॅनिश माणूस त्याच जागी म्हणतो, ‘हातांपर्यंत पोचले’. तिथे आपले दोघांचे हात अगदी जुळतात.

इंग्रजीत अशी मोठी पिशवी नाही. तिथे आधीच दोन खण पाडून ठेवले आहेत. क्वॉरल, ऑर्ग्युमेंट, स्क्वॉबल, टिफ हे एका खणात, तोंडाचे. फाईट, ब्रॉल, स्कफल दुसऱ्या खणात, हातांचे. त्यातही गोंधळ नाही असं नाही. अमेरिकेत नवराबायकोची ‘फाईट झाली’ म्हणजे बहुतेक वेळा नुसती वादावादी झाली, आणि ब्रिटिश माणूस त्याला ‘राउ’ म्हणेल, जो अमेरिकन माणसाला वाचताना रांग वाटतो. पण कायद्याच्या किंवा विम्याच्या कागदावर खण ठरलेलेच असतात. रिन्याचं इंग्रजी करणाऱ्याला म्हणूनच मूळ लेखकानं न सांगितलेली गोष्ट स्वतः ठरवावी लागते. भाषांतरातली खरी अडचण ही असते. शब्द मिळत नाही ही तक्रार फार वरवरची. शब्द ढिगानं मिळतात, पण त्यातला प्रत्येक जण मुळापेक्षा एक गोष्ट जास्त बोलतो.

शब्दाच्या जन्माकडे बघून काही सुटतं का? थोडी गंमत मिळते. रेन्यिर आलं लॅटिन ‘रिंगी’वरून, म्हणजे दात विचकणं, गुरगुरणं. कुत्रा चावण्याआधी करतो ते. तोंडही आलं आणि धमकीही आली, पण चावा अजून नाही. भांडणासाठी दुसरा रोजचा स्पॅनिश शब्द ‘पेलेआ’. तो ‘पेलो’पासून आला आहे, आणि पेलो म्हणजे केस. एकमेकांचे केस ओढणं हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडच्या ‘झिंज्या उपटणे’ची ही सख्खी बहीण समुद्रापलीकडे वाढली, असं समजायला हरकत नाही. तर एक शब्द दातांतून आला, एक केसांतून. तरीही आज दोघं मिळून तोंड आणि हात या दोन्हींवर हक्क सांगतात, त्यामुळे जन्मपत्रिकेवरून निकाल लावता येत नाही.

निकाल लावायचा तर ज्या देशाचा कागद, त्या देशाच्या कायद्यात डोकवायचं. माझ्या पॉलिसीचं उत्तर मला तिथेच मिळालं. मेक्सिकोच्या संघीय दंडविधानाचं कलम ३१४ एका वाक्याचं आहे : दंडाच्या सगळ्या बाबतींत रिन्या म्हणजे दोन किंवा अधिक माणसांमधला कृतीचा झगडा, शब्दांचा नव्हे. अकादमीचा कोश म्हणतो ‘कृतीनं किंवा शब्दानं’, आणि मेक्सिकोचा कायदा म्हणतो ‘कृतीनं, शब्दानं नव्हे’. एका भाषेतला एक शब्द, दोन अधिकारी ग्रंथ, आणि अर्ध्या अर्थावर सरळ काट. क्वॉरल तिथल्या तिथे बाद.

कायद्याला एवढी काटेकोर व्याख्या लागते कारण तिच्यावर वर्षं अवलंबून असतात. त्याच विधानात साध्या खुनाला कलम ३०७ प्रमाणे १२ ते २४ वर्षं कैद आहे. तोच मृत्यू रिन्यात झाला, तर कलम ३०८ प्रमाणे ४ ते १२. जिथे एकाची कमाल शिक्षा संपते, तिथे दुसऱ्याची किमान सुरू होते. दोघंही मारत होते, दोघांनीही धोका पत्करला होता, हा त्यामागचा विचार. आता असा खटला इंग्रजीत आणताना कुणी ‘ऑर्ग्युमेंट’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की नुसत्या वादावादीनंतर माणूस मारला आणि तरी कोर्टानं शिक्षा कमी केली. मेक्सिकोच्या न्यायाधीशाला फुकट बोल लागेल.

आपल्याकडे हा पेच इंग्रजीतच सोडवून ठेवला आहे, तेही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३०० चा चौथा अपवाद होता, तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे. पूर्वयोजना नसताना, रागाच्या भरात, अचानक झालेल्या ‘क्वॉरल’वरून अचानक पेटलेल्या ‘फाईट’मध्ये मृत्यू झाला आणि मारणाऱ्यानं गैरफायदा घेतला नाही की क्रौर्य केलं नाही, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. वाक्याची रचना बघा. क्वॉरलवरून फाईट. आधी तोंड, मग हात, आणि दोघांना वेगवेगळा शब्द. इंग्रजीचे ते दोन खण इथे एका वाक्यात शेजारी शेजारी उघडे दिसतात. हेच वाक्य स्पॅनिशमध्ये न्यायचं ठरवलं आणि दोन्ही जागी ‘रिन्या’ लिहिलं, तर ‘रिन्यावरून रिन्या’ असं होऊन बसेल.

मेक्सिकोचं झालं. स्पेनचं वेगळंच. तिथल्या १९९५ च्या दंडविधानात कलम १५४ मध्ये एक गुन्हा आहे, त्याला वकील ‘रिन्या तुमुल्तुआरिया’ म्हणतात. अनेक माणसं एकमेकांवर तुटून पडली आहेत, कुणी कुणाला काय केलं ते वेगळं काढता येत नाही, आणि जीव किंवा शरीर धोक्यात येईल अशी साधनं वापरली गेली आहेत, तर नुसता भाग घेतल्याबद्दलच शिक्षा. त्यातल्या ‘तुमुल्तु’ला आपला कान लगेच ओळखतो. पुराणातलं ‘तुमुल युद्ध’ आणि लॅटिन ‘तुमुल्तुस’ हे लांबचे नातलग मानले जातात. मराठीत ‘तुमुल हाणामारी’ म्हटलं तर कीर्तनकार सोडून कुणी म्हणणार नाही, पण अर्थ अगदी बरोबर बसतो. शिक्षा ३ महिने ते १ वर्ष कैद, किंवा ६ ते २४ महिने दंड. दंड महिन्यांत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती. स्पेनमध्ये दंड दिवसांवर मोजतात, आणि एका दिवसाचा दर माणसाच्या ऐपतीप्रमाणे २ ते ४०० युरोच्या दरम्यान न्यायाधीश ठरवतो. हातगाडीवाला आणि कारखानदार एकाच राड्यात सापडले, तर महिने सारखे आणि रक्कम वेगळी. हे रिन्याच्या विषयाबाहेरचं आहे, पण मला फार आवडलं म्हणून सांगितलं.

तर या तुमुल रिन्याला इंग्रजीत काय म्हणायचं? पुष्कळ जण ‘अफ्रे’ लिहून मोकळे होतात. कायद्याचा शब्द आहे, भारदस्त आहे, मारामारीचाच आहे. इथे खरा सापळा आहे, कारण अफ्रे हा शब्दच प्रत्येक देशात वेगळा निघतो. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ मध्ये तो आहे. दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग केली की अफ्रे. शिक्षा १ महिन्यापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या संहितेत हा दंड १०० रुपये होता. जागा सार्वजनिक हवी आणि माणसं किमान दोन हवीत. सोसायटीच्या बंद फ्लॅटमध्ये दोघं एकमेकांना बडवत असतील तर दुसरं काहीही असेल, अफ्रे नाही.

इंग्लंडमध्ये १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातली अफ्रे याच्या बरोबर उलट वागते. तिथे ती खासगी जागेतही होते आणि एकटा माणूसही ती करू शकतो. एखाद्यानं दुसऱ्यावर बेकायदा हिंसा केली किंवा तशी धमकी दिली, आणि ती बघून एखाद्या धीराच्या माणसालाही आपल्या जिवाची भीती वाटली असती, तर झालं. तसा धीराचा माणूस प्रत्यक्षात तिथे नसला तरी चालतं, नुसता कल्पायचा. मात्र धमकी निव्वळ शब्दांची असेल तर ती धरत नाहीत. शब्दाच्या मुळाशी भीतीच आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द आणि ‘अफ्रेड’ हे एकाच घरातले.

म्हणजे स्पेनची तुमुल रिन्या गर्दीची, परस्परांची, हत्यारांची. इंग्लंडची अफ्रे बघणाऱ्याच्या भीतीची. भारताची अफ्रे चौकातल्या शांततेची. तीन देशांनी एकाच प्रसंगाकडे बघताना तीन वेगवेगळी माणसं मोजली. एकानं मारणारे मोजले, दुसऱ्यानं घाबरणारा, तिसऱ्यानं शेजारपाजार. स्पेनचा निकाल लंडनच्या वकिलासाठी भाषांतरित करताना मी आता अफ्रे लिहीत नाही. ‘अनेकांची, एकमेकांवरची मारामारी’ असं साध्या इंग्रजीत लिहिते आणि कलमाचा आकडा जवळ ठेवते. भारदस्त शब्द वाचणाऱ्याला थांबवत नाही. त्याला वाटतं आपल्याला कळलं, आणि तो स्वतःच्या देशाचा कायदा मनात लावून पुढे जातो. साधं वाक्य निदान विचारायला लावतं.

रिन्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती सगळ्यात सहज हरवते. ती दुतर्फा असते. तिथली एक म्हण आहे की एकाला नको असेल तर दोघांची रिन्या होत नाही. आपण ‘टाळी एका हातानं वाजत नाही’ म्हणतो, पण दोन्हींचा सूर ऐका. आपली म्हण बहुधा भांडण झाल्यावर येते, दोघांनाही दोष द्यायला. स्पॅनिश म्हण आधी येते, एकाला मागे ओढायला. हा दुतर्फापणा स्पेनच्या कोर्टांनी फार गंभीरपणे घेतला आहे. दोघांनी एकमेकांचं आव्हान स्वीकारून केलेली रिन्या असेल, तर त्यातल्या कुणालाही सहसा स्वसंरक्षणाचा बचाव मिळत नाही. आधी कुणी सुरुवात केली आणि मध्येच एकानं सुरा काढला का, हे मात्र कोर्टाला तपासावंच लागतं. म्हणून पोलिसांच्या कागदावर ‘रिन्या’ लिहिलं गेलं, की मार खाणाऱ्यालाही अर्धा वाटा आपोआप मिळतो.

५ मार्च २०२२ ला मेक्सिकोत केरेतारो शहरातल्या कोरेहिदोरा स्टेडियममध्ये, केरेतारो आणि आतलास या संघांचा फुटबॉल सामना चालू असताना प्रेक्षकांमध्ये हिंसा उसळली. सामना अर्धवट थांबवावा लागला. अधिकाऱ्यांनी २६ जखमी सांगितले. इंग्रजी बातम्यांत कुठे ‘ब्रॉल’ आलं, कुठे ‘रायट’. चित्रफितींत जमिनीवर निपचित पडलेल्या माणसालाही लाथा बसताना दिसत होत्या. त्या क्षणाला रिन्या म्हणा, ब्रॉल म्हणा, नाहीतर हाणामारी म्हणा, तिन्ही शब्द खोटंच बोलतात. हाणामारीत हाणणारेही दोन आणि मारणारेही दोन असावे लागतात. अशा जागी मूळ लेखकानं रिन्या लिहिलं असेल तर भाषांतरात मला ते बदलता येत नाही. तो त्याचा शब्द आहे, त्याचा निवाडा आहे. पण निदान ‘फाईट’च्या जागी ‘अटॅक’ लिहून त्याला सुधारायचा, किंवा मूळ ‘हल्ला’ असताना ‘फाईट’ लिहून सौम्य करायचा मोह आवरायचा.

आता देशाबरोबर अर्थ कसा सरकतो ते. हे भराभर सांगते, कारण यात तत्त्व फार नाही, ठेचा फार आहेत. स्पेनमध्ये ‘आईनं मला रेन्यिर केलं’ म्हणजे आई माझ्याशी भांडली नाही, आई मला रागावली. मराठीत ‘रागावणे’ जसं नुसतं चिडणं नाही, ओरडा देणं आहे, तसंच. मेक्सिकोत त्यासाठी ‘रेगान्यार’ वापरतात. ‘ब्रोंका’ हा शब्द तर पासपोर्ट घेऊनच फिरतो. स्पेनमध्ये तो राडा किंवा खरडपट्टी, बैलझुंजीच्या रिंगणात प्रेक्षकांचा आरडाओरडा, मेक्सिकोत ‘ब्रोंका नाही’ म्हणजे ‘काही अडचण नाही’, आणि अर्जेंटिनात ब्रोंका म्हणजे आतल्या आत खदखदणारा राग. ‘प्लेइतो’ स्पेनमध्ये दिवाणी दावा, मेक्सिकोत सरळ मारामारीसुद्धा. आपल्याकडे ‘तंटा’ आणि अरबीतून आलेला ‘कज्जा’ असेच दोन्ही घरी राहतात, बांधावरही आणि कोर्टातही. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम निघाली तेव्हा तंटा म्हणजे दावा की भांडण, असं गावात कुणी विचारलं नाही. दोन्हीच. या प्लेइतोचं मूळ लॅटिन ‘प्लाकितुम’, म्हणजे जे पसंत पडलं ते. इंग्रजी कोर्टातलं ‘प्ली’ही तिथूनच. पसंतीपासून निघून दाव्यापर्यंत कसं पोचता येतं, हे ज्यांनी भावकीत जमीन वाटून घेतली आहे त्यांना सांगायला नको.

नवशिक्यांना पाडणारे खरे शब्द मात्र ओळखीचे चेहरे घालून येतात. ‘दिस्कुतिर’ दिसतं डिस्कस, पण बहुतेक वेळा अर्थ वाद घालणं. ‘आईबाबा रात्रभर दिस्कुतिर करत होते’ याचं ‘डिस्कस’ केलं की घरातलं भांडण संचालक मंडळाची बैठक होऊन बसतं. ‘केरेया’ ऐकायला क्वॉरलसारखं, आणि आहेतही दोघं एकाच लॅटिन तक्रारीची मुलं. पण स्पेनच्या कोर्टात केरेया म्हणजे रीतसर दाखल केलेली फौजदारी तक्रार. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं ‘मंत्र्याविरुद्ध केरेया’चं ‘मंत्र्याशी क्वॉरल’ केलं होतं. वाचून वाटलं, बाईसाहेब मंत्रालयात जाऊन भांडून आल्या.

प्राण्यांकडे आलं की एकदम मोकळं वाटतं, कारण तिथे तोंड-हाताचा प्रश्न नाही. अर्जेंटिनाच्या १९५४ च्या प्राणिरक्षण कायद्यात ‘प्राण्यांच्या रिन्या’ भरवायला बंदी आहे. त्याचं ‘क्वॉरल’ करून बघा, म्हणजे दोन कोंबडे कमरेवर हात ठेवून एकमेकांची उणीदुणी काढताना दिसू लागतील. मराठीनं इथे स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे : झुंज. कोंबड्यांची झुंज, रेड्यांची झुंज, गोव्यातल्या बैलांच्या धिरयो. कोंबड्यांचं भांडण कुणी म्हणत नाही. मांजरं मात्र मराठीत भांडतात, कारण रात्री दोन वाजता पत्र्यावर चाललेलं ऐकलं की त्यात संवाद आहे याची खात्री पटते.

गोयाच्या मांजरांचीही रिन्याच आहे. स्पेनच्या या चित्रकारानं राजवाड्यात लावायच्या गालिच्यांसाठी जी मोठी नमुनाचित्रं केली, त्यांत पडक्या भिंतीवर पाठी वाकवून समोरासमोर आलेली दोन मांजरं आहेत. नाव ‘मांजरांची रिन्या’. त्याआधीचं १७७७ चं एक, ‘बेंता नुएबातली रिन्या’. रस्त्याकडेच्या खाणावळीसमोर गाडीवान एकमेकांवर पडले आहेत. आणि मग म्हातारपणी, १८२० ते १८२३ च्या दरम्यान, स्वतःच्या घराच्या भिंतींवर त्यानं जी काळी चित्रं काढली, त्यांत एक आहे : ओसाड माळावर दोन माणसं, गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतलेली, हातात सोटे, आणि एकमेकांना हाणत आहेत. पळायची सोय नाही, मागे सरायची नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ‘सोट्यांचं द्वंद्व’ याबरोबरच ‘रिन्या’ असंही त्याचं नाव चालतं. इंग्रजीत ते ‘सोट्यांची फाईट’ म्हणून ओळखलं जातं. फाईट बरोबरच आहे. पण त्या चित्रासमोर ‘रिन्या’ वाचताना दात विचकण्याचा जुना लॅटिन आवाज थोडा ऐकू येतो, आणि फाईटमध्ये सोट्याचाच येतो.

‘मांजरांची रिन्या’ याच नावाची एदुआर्दो मेन्दोसा यांची कादंबरी २०१० साली आली. गोष्ट १९३६ च्या माद्रिदमधली, गृहयुद्धाच्या तोंडावरची. इंग्रजीत ती कोणत्या नावानं निघाली? ‘अॅन इंग्लिशमन इन माद्रिद’. मांजरंही गेली, रिन्याही गेली, नायक तेवढा उरला. प्रकाशकानं शब्दाशी झुंजण्यापेक्षा पाहुण्याला पुढे केलं. धंद्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं असेल, पण मला ती मांजरं हवी होती.

पॉलिसीकडे परत येते. कलम ३१४ सापडल्यावर क्वॉरल खोडलं. ब्रॉल लिहिलं, तर ते गर्दीचं आणि दारूच्या अड्ड्यावरचं वाटलं, आणि मेक्सिकोच्या व्याख्येला दोन माणसं पुरतात. नुसतं फाईट लिहिलं, तर अमेरिकन वाचणारा नवराबायकोच्या फाईटकडे जाऊ शकतो. शेवटी ‘फिजिकल फाईट बिट्वीन टू ऑर मोअर पर्सन्स’ असं लांबलचक लिहून, खाली टीप देऊन फाइल पाठवली.

दुसऱ्या दिवशी एजन्सीतून मुलाचा फोन. “मॅडम, मुळात एक शब्द आहे. तुम्ही सात लिहिलेत. आपलं बिल मूळ शब्दांवर आहे, माहीत आहे ना?” माहीत होतं. एका रिन्याचे एका शब्दाचेच पैसे मिळाले.